पालकत्वाचा आदेश मिळाला, सांभाळ कोण करणार?

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडिलांची धावपळ नव्याने सुरू होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे तो सहा ते अठरा या वयापुरता. अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने आई-वडीलही आपोआप पालक राहत नाहीत. पालकत्वासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र, निरामय योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, हे सगळं उपयोगाचं आहे आणि चिकाटी ठेवली तर मिळतंही. पण यातल्या कशानेही सोमवारी सकाळी दहा वाजता त्या तरुणाने कुठे जायचं, हे ठरत नाही. सज्ञान दिव्यांगांच्या बाबतीत सरकार कागद देतं, सेवा देत नाही. ही उणीव भरून काढण्याची पहिली जबाबदारी पुणे महापालिकेने घ्यायला हवी.

पुण्यात काहीच नाही, असं म्हणता येणार नाही. ‘कामायनी’सारखी संस्था साठच्या दशकापासून काम करते आहे, मुळशी तालुक्यात कोळवणला ‘साधना व्हिलेज’मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्ती घरासारख्या वातावरणात राहतात. शाळांना जोडलेल्या कार्यशाळाही आहेत. मात्र तिथे सहसा हाताने काम जमणाऱ्यालाच प्रवेश मिळतो. ज्याला जेवण भरवावं लागतं किंवा ज्याला अचानक आक्रमक झटके येतात, तो घरीच राहतो. म्हणजे ज्याची गरज सर्वांत जास्त, त्याला सोय सर्वांत कमी. राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ-कम-घरौंदा’ ही निवासी योजनासुद्धा एखादी नोंदणीकृत संस्था पुढे आली तरच चालते. हक्क कायद्याने दिलेला, पण तो पदरात पडणं दुसऱ्याच्या सेवाभावावर अवलंबून, अशी ही रचना आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: आपल्याकडे कुटुंब सांभाळतंच, मग सरकार कशाला? कुटुंब सांभाळतं म्हणजे बहुतेक वेळा आई नोकरी सोडते, आणि साठीतले वडील तिशीतल्या मुलाला उचलून आंघोळ घालतात. ‘आमच्यामागे याचं कसं?’ हा प्रश्न त्यांना तिथूनच पडतो. दिवसभराचं केंद्र मुलाला घरापासून तोडत नाही. उलट त्यामुळेच घर टिकतं. शिवाय आई-वडिलांखेरीज इतरांच्या हातून जेवायची, इतरांसोबत राहायची सवय आधीपासून असेल, तर ते गेल्यावर माणूस, घर आणि दिनक्रम हे तिन्ही एकदम हरपत नाहीत.

दुसरा आक्षेप पैशांचा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्व-उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा, असं राज्याचं धोरण आहे. त्यातून वैयक्तिक अर्थसाहाय्य देणं सोपं, कारण लाभार्थींचा आकडा लगेच दाखवता येतो. पण मदतीची रक्कम हाती आली तरी शहरात प्रशिक्षित मदतनीसच नसेल, तर ती खर्च कुठे करायची? म्हणून या निधीचा ठरावीक हिस्सा प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एक दिवस-केंद्र, मदतनिसांचं प्रशिक्षण आणि पालक आजारी असताना काही दिवसांचा निवारा यांसाठी बांधून ठेवावा. केंद्र संस्थेने चालवावं, पगार आणि जागा महापालिकेने द्यावी, आणि जास्त आधाराची गरज असलेल्याला प्रवेश नाकारता येणार नाही, ही अट करारातच असावी. दिव्यांग कल्याण आयुक्तालय याच शहरात आहे. सुरुवात पुण्यापासून न करण्याला सबळ कारण नाही.