मूल नेमके कोणत्या पायरीवर अडले आहे?

प्रगतिपुस्तक घरी आले की बहुतेक कुटुंबांत एकच निदान होते : मुलगा अभ्यास करीत नाही. उपायही ठरलेला. मोबाइल काढून घ्यायचा आणि आणखी एका शिकवणीवर्गात नाव घालायचे. सहावी-सातवीत मागे पडलेल्या मुलांच्या बाबतीत हे निदान बहुधा चुकीचे आणि उपाय तर त्याहून चुकीचा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गणिताचेच पाहा. सातवीतला विद्यार्थी एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश करतो. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. वहीत लाल फुली पडते आणि घरी ‘लक्ष कुठे असते?’ म्हणून बोलणी बसतात. वास्तविक त्याने लक्ष देऊनच उत्तर काढलेले असते. दोन पंचमांश हे निम्म्याहून कमी, एवढेच त्याला ठाऊक नसते. म्हणजे अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला आणि भाकरी अर्ध्याहून कमी भरली! अपूर्णांक त्याच्या डोळ्यांपुढे कधी उभाच राहिला नाही. ती पायरी चौथी-पाचवीत निसटली. आणि गुणोत्तर, शेकडेवारी, समीकरणे हे सारे तिच्यावरच उभे आहे. शिकवणीवर्ग मात्र सातवीचाच पाठ पुन्हा, तोही अधिक वेगाने, घेतो. (पावकी, निमकी, पाउणकी मुखोद्गत असणाऱ्या पिढीला पाव मोठा की पाऊण, हे विचारावे लागत नसे. पाठांतराला सरसकट हिणवणाऱ्यांनी याचाही विचार करावा.)

ही उणीव वेळीच का उघड होत नाही? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलास मागच्या वर्गात ठेवण्यास मनाई केली. हेतू चांगला होता. नापासाच्या शिक्क्याने कित्येकांची शाळा सुटत असे. परंतु त्यासोबत अपेक्षित असलेले सातत्यपूर्ण मूल्यमापन अनेक ठिकाणी श्रेणींचे रकाने भरण्यापुरते उरले. २०१९मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षेचा निर्णय घेतला. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला जादा मार्गदर्शन, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा आणि तीतही अपयश आल्यास पुन्हा तोच वर्ग, अशी ही व्यवस्था आहे. चार वर्षांची उणीव दोन महिन्यांत भरून निघेल, ही अपेक्षा भाबडी आहे. म्हणून आठवीची वाट न पाहता घरानेच आधी हात घातला पाहिजे.

त्यासाठी बालभारतीची चौथीची पुस्तके पुरतात. मराठीचे एक पान मोठ्याने वाचून घ्यावे आणि काय वाचले ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. ८४० भागिले ८ असा भागाकार घालावा. भागाकारातले मधले शून्य सुटले, तर स्थानिक किंमत कच्ची आहे असे समजावे. जिथे अडखळला, तिथून एक इयत्ता खाली उतरून रोज अर्धा तास बसावे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला चौथीचे पुस्तक हाती धरण्याची लाज वाटते, हे मात्र विसरू नये. घरात धाकटे भावंड असेल तर त्याला शिकवण्याचे काम याच्याकडे सोपवावे. लाज जाते आणि पायाही पक्का होतो. शेजारच्या हुशार मुलाचा उल्लेख कटाक्षाने टाळावा.

कधीकधी कारण अगदी साधे असते. फळ्यावरचे दिसत नसते आणि चष्म्याचे कुणाला सुचलेले नसते. उलट, मन लावून सराव करूनही अक्षरे उलटसुलट होत असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात तशी सोय आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ती तपासणी टाळणारे सुशिक्षित पालक पाहिले की कीव येते.

ज्या घरात शिकवणारे कुणी नाही, त्या आईवडिलांनी पालकसभेत गुणांची चौकशी करू नये. आमच्या मुलाला कोणत्या इयत्तेपर्यंतचे खरोखर येते, एवढेच वर्गशिक्षकांना विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नये.