पावसाची वही



गेल्या पंधरवड्यात एका घरी गेलो होतो. मृगाच्या पहिल्याच सरीवर सोयाबीन पेरले, मग पावसाने ताण दिला आणि पेर मोडली. दुबार पेरणीला पैसा हवा, म्हणून घरधन्यांनी ठरवले की दहावी झालेल्या मुलीला अकरावीला घालायचे नाही. निंदणीच्या मजुरीत तेवढीच बचत. (एस.टी.चा पास मुलींना बारावीपर्यंत फुकट आहे, हे त्यांना ठाऊक होते.)

"पेरताना ओल किती होती?" मी विचारले. ते गप्प. आतून बाई म्हणाल्या, "चार बोटं. मी खुरप्याने उकरून पाहिलं होतं. थांबा म्हटलं, पण ऐकतंय कोण?"

घरधनी म्हणाले, "साहेब, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कुठं शाळेत गेल्या होत्या? तरी 2020 साली पद्मश्री मिळालीच ना?"

प्रश्न बिनतोड होता. अकोले तालुक्यातल्या या माउलीने शाळा पाहिली नाही, तरी वालाचे, भाताचे, भाज्यांचे गावरान बी राखले, बायाबायांत वाटले, बियाणे बँक उभी केली. पण अशा किती जणींचे ज्ञान त्यांच्याबरोबरच गेले असेल! कोणता वाण किती दिवसांनी फुलला, लिहून कोणी ठेवले? शिवाय आता मृगाचा भरवसा उरलेला नाही. आजीच्या आठवणीत न बसणारा पाऊस मोजूनच ओळखावा लागतो.

मुलीला म्हटले, सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा आण. झाडा-भिंतींपासून दूर, मोकळ्यावर ठेव. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून पाणी मोज, वहीत लिही, डबा रिकामा कर. शाळेच्या पट्टीचा शून्य टोकाच्या थोडा वर असतो. तेवढे त्यात मिळव. 1 मि.मी. पाऊस म्हणजे एकरी सुमारे 4,000 लिटर पाणी. चांगला 75 ते 100 मि.मी. पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय कोरडवाहू सोयाबीनला तिफण लावू नये.

मुलीने तिथल्या तिथे गुणाकार करून आपल्या तीन एकरांचा हिशेब सांगितला. वडील वहीकडे पाहत राहिले. बाईंनी मात्र विचारले, "अकरावीचा अर्ज कधीपर्यंत भरायचा?"

दुबार पेरणी कधी करायची, हे आता मायलेकी वही पाहून सांगणार, असे ठरले आहे. अर्जाचे काय झाले, ते पुढच्या फेरीत कळेल. त्या दिवशी मी पीक नंतर पाहीन, आधी वही.