खेळात भिडू हवा

जयपूर शहराचा जुना भाग तटबंदीने वेढलेला आहे. तेथील लोक त्याला ‘चारदीवारी’ म्हणतात. सवाई जयसिंग दुसरे यांनी १७२७ मध्ये हे नगर वसवले आणि विद्याधर भट्टाचार्य यांनी त्याच्या आखणीत महत्त्वाचा वाटा उचलला. २०१९ मध्ये युनेस्कोने या नगराचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. प्रवासी येथे येतात ते हवामहल आणि गुलाबी भिंती पाहण्यासाठी. या नगराच्या रचनेत एका खेळाचे नावही दडलेले आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. मोठे रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या प्रशस्त चौकांना येथे ‘चौपड’ म्हणतात. बडी चौपड, छोटी चौपड आणि रामगंज चौपड ही नावे आजही रोजच्या वापरात आहेत. चौपड म्हणजे मराठी माणसाचा सारीपाट. त्याच्या पटाला चार दिशांना चार बाहू असतात आणि चौकातून फुटणारे चार रस्तेही तसेच दिसतात.

या खेळाचा एक नियम मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. सारीपाटाला चौघे बसतात, पण ते चार स्वतंत्र खेळाडू नसतात. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात. ज्या जोडीच्या सर्व सोंगट्या आधी घरी पोहोचतात, ती जोडी जिंकते. स्वतःच्या सोंगट्या घरी नेल्या आणि भिडूच्या वाटेतच राहिल्या, तर विजय मिळत नाही. साहजिकच खेळणाऱ्याला आपल्या फाशांबरोबर भिडूच्या अडचणीकडेही पाहावे लागते. याच कुळातील पचिशीवरून इंग्लंडमध्ये ‘लुडो’ तयार झाला आणि १८९६ मध्ये त्याचे पेटंट घेण्यात आले. लुडोत पट सोपा झाला आणि नियम कमी झाले. त्याबरोबर भिडूही गळून पडला. लुडोत प्रत्येक जण आपापल्या रंगापुरता खेळतो.

आज हाच लुडो मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. मुंबईत तयार झालेला ‘लुडो किंग’ हा खेळ २०१६ मध्ये बाजारात आला. २०२० च्या टाळेबंदीत दूरदूरच्या गावी अडकलेले नातेवाईक त्याच्याभोवती संध्याकाळी एकत्र येऊ लागले. पडद्यावरचा खेळ माणसांना जोडू शकतो, याचा अनुभव त्या दिवसांत अनेक कुटुंबांना आला. तरीही ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द कानावर पडताच बहुतेक पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. या आठ्या निराधार नाहीत. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष पुष्कळदा अपुरा असतो. मुलांनी किती वेळ खेळावे, यावर घरोघरी वाद होतात. ती काय खेळतात आणि कोणाबरोबर खेळतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

चारदीवारीतील वस्ती दाट आहे. गल्ल्या अरुंद आहेत, त्यांत दुकाने आणि वाहने आहेत. चौगानसारखे मोठे मैदान प्रत्येक मोहल्ल्याच्या वाट्याला आलेले नाही. हीच स्थिती पुण्याच्या पेठांत, मुंबईच्या चाळींत आणि लहानमोठ्या शहरांच्या जुन्या भागांत आढळते. मुलींच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. वय वाढू लागले की गल्लीत खेळण्याची त्यांची मुभा बहुतेक घरांत आपोआप आटते. अशा ठिकाणी शाळा सुटल्यावर चार मित्र जमतात, एका ओट्यावर खांद्याला खांदा लावून बसतात आणि प्रत्येक जण आपल्या हातातल्या पडद्यात गढून जातो. शरीराने ती एकत्र असतात, खेळात मात्र एकटी. खरी चिंता वाटायला हवी ती या एकटेपणाची.

यावर बंदी हा उपाय अनेकांना सोपा वाटतो. धोका खोटा आहे, असे कोणी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या अनावर सवयीला स्थान दिले असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. परंतु खेळणारे प्रत्येक मूल आजारी असते, असा याचा अर्थ नाही. बंदीचा अनुभवही बोलका आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी मोबाइल’ या खेळावर भारतात बंदी आली. पुढच्याच वर्षी त्याच घडणीचा दुसरा खेळ वेगळ्या नावाने आला. मुलांना खेळ हवा असतो. एक दार बंद झाले की ती दुसरे शोधतात आणि ते दार बहुधा मोठ्यांच्या नजरेआड असते.

या बाबतीत जयपूरच्याच एका जुन्या छंदाकडून शिकता येईल. मकर संक्रांतीला चारदीवारीची सारी गच्ची-गच्ची माणसांनी फुलते. एक जण पतंग उडवतो, दुसरा फिरकी सांभाळतो आणि पेच कटला की ‘वो काटा’ असा एकच गलका उठतो. या आनंदालाही धोक्याची बाजू आहे. कृत्रिम धाग्याच्या धारदार मांजाने पक्षी मरतात, माणसांचे गळे कापले जातात. म्हणून २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अशा मांजावर देशभर बंदी घातली. पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या वेळी, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी, पतंग न उडवण्याचे आदेश जयपूरचे प्रशासन काढत आले आहे. पतंग उडवणे मात्र कोणी बंद केले नाही. घातक धागा वेगळा काढला, वेळ ठरवून दिली आणि खेळ राखला. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला, त्यातही असाच विवेक आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना त्याने मनाई केली आणि करमणुकीच्या व स्पर्धात्मक खेळांना वेगळे ठेवले. पण कायदा फक्त मोठी रेघ ओढतो. त्या रेघेच्या अलीकडे उरलेल्या असंख्य खेळांतून चांगला खेळ निवडण्याचे काम घराने करायचे असते.

वास्तविक व्हिडिओ गेमचा जन्मच मुळी दोघांच्या खेळातून झाला. १९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी पडद्यावरचा टेनिसचा खेळ तयार केला. तो दोघांनी मिळून खेळायचा होता. १९७२ मध्ये अटारी कंपनीने आणलेला ‘पाँग’ हा खेळही दोघांचाच होता. खेळणारे शेजारी-शेजारी उभे राहत, हसत आणि एकमेकांना चिडवत. इंटरनेट आल्यावर शेजारी असण्याची गरज संपली. पुढे फुकट मिळणाऱ्या खेळांची लाट आली. फुकटच्या खेळाला आपला खर्च कोठून तरी काढावाच लागतो. जाहिराती दाखवून किंवा खेळातील पोशाख, शस्त्रे आणि बक्षिसांच्या पेट्या विकून तो निघतो. त्यासाठी मूल पुन्हा पुन्हा परत यावे आणि खेळ कधी संपू नये, अशी त्याची घडण केली जाते. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या निर्मात्या एपिक गेम्स कंपनीने एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करणे, अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय आपोआप चालू ठेवणे आणि नकळत खरेदी होईल अशी रचना करणे, असे आरोप तेथील व्यापार आयोगाने तिच्यावर ठेवले होते.

मग चांगला खेळ ओळखावा कसा? पहिली कसोटी सोबतीची. मूल ज्यांच्याबरोबर खेळते त्यांना ते नावाने व चेहऱ्याने ओळखते का? लहान मुलांच्या खेळात अनोळखी माणसांशी बोलण्याची वाट बंद करता आली पाहिजे. दुसरी कसोटी भिडूची. जिंकण्यासाठी एकमेकांची गरज पडते का, की प्रत्येक जण दुसऱ्याला बाद करण्यासाठीच धडपडतो? तिसरी कसोटी शेवटाची. विटीदांडूचा डाव संपतो, कबड्डीची शिट्टी वाजते. ज्या खेळाला डाव नाही, त्यातून मुलाला उठवताना घरात रोज भांडण होणारच. चौथी कसोटी दुबळ्या खेळाडूची. लिंबूटिंबू म्हणून धाकट्या भावंडाला सामावून घेण्याची रीत मराठी मुलांच्या खेळात फार जुनी आहे. खेळात नवख्याला जागा हवी आणि पैसे मोजणाऱ्याला वेगळे बळ मिळता कामा नये.

या कसोट्यांवर उतरणारे खेळ आहेत. ‘ओव्हरकुक्ड’ या २०१६ च्या खेळात चार जणांपर्यंत मुले मिळून एक स्वयंपाकघर चालवतात. एकाने भाजी चिरायची, दुसऱ्याने शिजवायची, तिसऱ्याने भांडी घासायची. कामाची वाटणी जमली नाही तर ताट वेळेवर जात नाही. ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ या २०१५ च्या खेळात एकाच मुलाला पडद्यावरचे यंत्र दिसते. ते निकामी कसे करायचे, याची पुस्तिका मात्र इतरांच्या हातात असते. त्यांना पडदा दिसत नाही. एकाने नीट वर्णन करायचे, इतरांनी नीट वाचून सांगायचे. भाषेचा इतका चांगला सराव क्वचितच एखाद्या खेळात होत असेल. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ या शर्यतीच्या खेळात लहानग्याची गाडी रस्त्याबाहेर जाऊ नये म्हणून मदतीची सोय आहे, त्यामुळे आजी आणि नातूही एकत्र खेळू शकतात. स्वीडनमध्ये जन्मलेल्या ‘माइनक्राफ्ट’मध्ये मुले ठोकळे रचून मिळून गावे उभारतात. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने २०१२ पासून हाच खेळ वापरून अनेक देशांतील रहिवाशांकडून सार्वजनिक जागांचे आराखडे करून घेतले आहेत.

यांतील काही खेळ विकत घ्यावे लागतात आणि काहींना महागडे यंत्र लागते. प्रत्येक घराला ते परवडणारे नाही, हे मान्यच करायला हवे. परंतु एकदा किंमत देऊन घेतलेला खेळ दर आठवड्याला मुलापुढे हात पसरणाऱ्या फुकटच्या खेळापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतो. शिवाय चार घरांत मिळून एक यंत्र असले तर मुलांना एकत्र येण्याचे निमित्तही मिळते. ज्यांना हेही शक्य नाही, त्यांच्यासाठी बुद्धिबळ आहे. ‘लिचेस’ हे २०१० मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ पूर्णतः विनामूल्य आहे. त्यावर जाहिराती नाहीत, ओळखीच्या मित्राला बोलावून डाव मांडता येतो आणि मुलांसाठी संभाषण बंद ठेवण्याची सोयही आहे. साधा मोबाइल त्यासाठी पुरतो.

आपल्याकडील निर्मात्यांनाही येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यातील महाल, झरोके आणि अंगणे यांवर राजस्थानी वास्तुकलेची स्पष्ट छाप आहे. भारतीय मातीतले दृश्य जगभरच्या खेळाडूंपुढे नेता येते, हे त्याने दाखवून दिले. मात्र तो एकट्याने खेळायचा खेळ आहे. ज्या देशाने सारीपाटाची जोडी रचली, त्या देशात मित्रांनी मिळून खेळायचा तितकाच देखणा खेळ घडायला हवा.

तोपर्यंत निवडीची जबाबदारी पालकांवरच आहे. ती एकट्या घराने पार पाडता येत नाही. आपल्या मुलाला एक खेळ नाकारला आणि शेजारच्या चारही मुलांकडे तोच असला, तर नकाराची शिक्षा मुलाला मित्रमंडळातून तुटण्याच्या रूपाने भोगावी लागते. खेळ मित्रांचा असतो, म्हणून निर्णयही मित्रांच्या घरांनी मिळून घ्यावा. एका मोहल्ल्यातील चार-पाच आयांनी आणि वडिलांनी एकत्र बसून दोन-तीन खेळ ठरवावेत, वेळ ठरवावी आणि कोणत्या दिवशी कोणाच्या घरी मुले जमतील हेही ठरवावे. मुलींची पाळी त्यात विसरली जाऊ नये. ठरवण्यापूर्वी मोठ्यांनी तो खेळ स्वतः एकदा खेळून पाहावा. मुलांपुढे हरण्यात कमीपणा नाही. उलट त्या अर्ध्या तासात खेळाविषयी जे कळते, ते डब्यावरची जाहिरात वाचून कळत नाही. निवडीत मुलांचेही मत घ्यावे. चार कसोट्या त्यांना समजावून सांगितल्या तर ती स्वतःच खेळांची पारख करू लागतात आणि ही पारख पुढे पुस्तके, चित्रपट आणि मित्र निवडतानाही उपयोगी पडते.

पडदा मुलांच्या आयुष्यातून आता जाणार नाही. त्याच्यासमोर मूल एकटे बसणार की सवंगड्यांसह, एवढे ठरवणे मात्र मोठ्यांच्या हाती आहे. खेळून उठलेल्या मुलाला ‘किती गुण मिळवलेस?’ असे विचारण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याऐवजी ‘आज तुझा भिडू कोण होता?’ असे विचारून पाहावे. मुलाला या प्रश्नाचे उत्तर आनंदाने देता आले, तर खेळ योग्य निवडला गेला असे खुशाल समजावे.