फुलाची जन्मवेळ

माझ्या मामाचे वाढदिवस दोन. पहिला १ जूनचा. तो शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवला. जूनमध्ये शाळा उघडते आणि पोरगं वयात बसलं पाहिजे, एवढ्या हिशेबावर त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे. दुसरा १ जानेवारीचा. तो मामाने स्वतःच घेतला. चाळीस वर्षं तो पुण्याजवळ, मांजरीच्या बाजूला एका स्टड फार्मवर होता. शर्यतीच्या घोड्यांचा आपल्याकडे नियम असा, की शिंगरू फेब्रुवारीत जन्मो नाहीतर एप्रिलमध्ये, त्याचं वय वाढतं ते १ जानेवारीलाच. "माझी खरी तारीख आईलाच आठवत नव्हती. मग मास्तरांच्या तारखेपेक्षा घोड्यांची काय वाईट?" असं त्याचं म्हणणं.

या १ जानेवारीला मामाला पंचाहत्तर वर्षं झाली, घोड्यांच्या हिशेबाने. मी बंगळुरूला, मल्लेश्वरममध्ये, तो हडपसरला. माझी सुट्टी शिल्लक नव्हती. मामाला गोड वर्ज्य, आणि शर्ट पाठवला तर तो थेट कपाटात जातो. राहता राहिली फुलं. फूल ना फुलाची पाकळी म्हणतात, तर मी खरोखरच फूल पाठवायचं ठरवलं. मोबाइलवर एक ॲप उघडलं, 'पुणे' निवडलं, निशिगंधाच्या बारा छड्या आणि पंधरा लाल गुलाब असा गुच्छ निवडला. ॲपने मला रिबिनीचा रंग विचारला. सोबत केक हवा का, हवा तर अंड्याचा की बिनअंड्याचा, टेडी अस्वल हवं का, कार्डावर काय लिहायचं, सगळं विचारलं. मी पैसे भरले. 'सकाळी नऊ ते बारा' अशी वेळही मिळाली.

गुच्छ पोहोचला रात्री पावणेनऊला. निशिगंध नव्हताच. त्याच्या जागी नारिंगी जर्बेरा होते, माना पडू नयेत म्हणून देठांना प्लॅस्टिकच्या नळ्या घातलेले. गुलाब अकरा. प्रत्येक कळीला जाळीची टोपी, आणि वरून चमकी मारलेली.

मामाने व्हिडिओ कॉल लावला. आधी मला वाटलं, आभार मानेल. पण त्याच्या चेहऱ्यावर तबेल्यातला भाव होता. त्याने एका गुलाबाची टोपी काढली आणि कळी खालून, देठाच्या वर, दोन बोटांत हलकेच दाबली. "मऊ लागतेय. ताजी कळी इथे घट्ट असते." मग देठाचं टोक कॅमेऱ्यासमोर धरलं. ते काळपट, बुळबुळीत. मग कळीच्या बुडाशी नख लावून दाखवलं. "बाहेरच्या पाकळ्या सोलल्यात. त्या डागाळल्या की काढून टाकतात, आतलं फूल नवं दिसतं. हा चार-पाच दिवसांचा माल आहे."

"मामा, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत," मी म्हटलं.

"गाईचे कुठे मोजतोय? घोड्याचे मोजतो," मामा म्हणाला. "वय लपवून विकलं, तर फूल काय आणि घोडा काय, बाजार तोच."

त्याच्या या वाक्याने माझी झोप उडाली, कारण त्यात तक्रार नव्हती. एक माणूस एका धंद्याकडे दुसऱ्या धंद्याच्या डोळ्यांनी बघत होता.

पुण्याला आपण विद्येचं माहेरघर म्हणतो, पण घोडेवाल्यांच्या नकाशावर पुणं वेगळ्याच कारणाने आहे. हडपसरचा पूनावालांचा स्टड १९४६ सालचा. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात आणि त्यांच्या रक्तातून औषधी सीरम निघे. त्या व्यवहारातूनच सायरस पूनावालांना १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढायचं सुचलं. सगळ्या जगाला लस पुरवणारा तो कारखाना मुळात तबेल्याच्या दारातून आला आहे. मांजरी, येरवडा, मावळातलं नानोली इथेही घोड्यांची पैदास होते. शर्यतीच्या घोड्यांची देशाची नोंदवही, म्हणजे इंडियन स्टड बुक, तीही पुण्यातूनच राखली जाते.

या नोंदवहीचा मूळ नमुना इंग्लंडातला, १७९१ सालचा. जगातला कुठलाही थरोब्रेड घोडा घ्या, त्याच्या बापाचा बाप मोजत गेलं की आपण तीनच घोड्यांपाशी येऊन थांबतो. तसं मोजता येतं, कारण प्रत्येक जन्म लिहिलेला आहे. मामाचं कामच ते होतं. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि बहुतेक वेळा रात्रीच विते. मोतद्दाराने हाक मारली की मामा बॅटरी आणि वही घेऊन जायचा. शिंगरू उभं राहून दूध प्यायला लागलं की लिहायला बसायचा: बाप अमुक, आई तमुक, तारीख, वेळ, रंग, कपाळावरचा टिळा, कोणता पाय पांढरा, अंगावर भोवरे कुठे कुठे. भोवरे आपल्या बोटांच्या ठशांसारखे, ते बदलत नाहीत. वहीत नाव नाही तो घोडा शर्यतीत नाही. वाढदिवस सगळ्यांनी मिळून १ जानेवारीला साजरा केला, तरी खरी जन्मवेळ वहीत असतेच. ही सोय मामाला स्वतःच्या बाबतीत मिळाली नाही, म्हणून की काय, दुसऱ्यांच्या जन्मवेळा तो फार जपून लिहायचा.

आता माझ्या गुच्छाकडे वळते. यात घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं?

दूरच्या गावी फुलं पाठवण्याची युक्ती तशी जुनी. १९१० मध्ये अमेरिकेतल्या काही फुलवाल्यांनी एकत्र येऊन ठरवलं, की फूल पाठवायचंच नाही, तार पाठवायची. तुम्ही तुमच्या गावच्या दुकानात पैसे भरा, तो दुसऱ्या गावच्या दुकानदाराला तार करील, गुच्छ तिथेच बांधला जाईल. आळंदीच्या पालखीसाठी मानाचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून अजूनही चालत येतात. फुलाला एवढा दम नसतो, म्हणून त्याच्याऐवजी निरोप धावतो. आजचं ॲप हेच करतं, फक्त तारेच्या जागी मोबाइल आला. माझे पैसे बंगळुरूतून निघाले, त्यातला वाटा मधल्यामध्ये राहिला, उरलेल्या पैशांची चिठ्ठी पुण्यातल्या कुठल्याशा दुकानात पडली. तो दिवस १ जानेवारी, फुलं महाग. 'उपलब्धतेनुसार बदल होऊ शकतो' ही ओळ बारीक अक्षरांत होतीच. दुकानदाराने आदल्या आठवड्याचं उरलेलं बांधलं. तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही, मामा आम्हा दोघांपैकी एकालाच ओळखतो. इतक्या अनोळखी साखळीत शिळं फूल खपवणं सोपं जातं.

गंमत म्हणजे, ज्या मावळात नानोलीचे घोडे आहेत, त्याच मावळात तळेगावच्या आसपास पॉलिहाउसमधून गुलाब पिकतो आणि फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जातो. मामाच्या घरापासून गाडीने दीड-दोन तासांवर रोज पहाटे कळ्या तोडल्या जात होत्या. त्यांतली एकही त्याच्यापर्यंत आली नाही.

त्या शनिवारी मी पहाटे उठले आणि मेट्रोने के. आर. मार्केटला गेले. माझं स्टेशन संपिगे रोड. संपिगे म्हणजे सोनचाफा. ज्या शहरात रस्त्याला चाफ्याचं नाव आहे, तिथे राहून मी ॲपवरून फुलं मागवली, याची थोडी लाज वाटत होती. बाजारापासून जवळच तिगळरपेट. तिगळ हा बंगळुरूचा जुना माळी समाज, आणि चैत्रात रात्रभर चालणारा करगा उत्सव त्यांचाच. मोगऱ्याने मढवलेला करग, म्हणजे घट, डोक्यावर घेतलेला पुजारी शहरभर फिरतो.

बाजारात शेवंतीचे पिवळे ढीग, झेंडूची पोती, ओल्या कापडाखाली मोगरा, अबोलीचे गजरे. गजरा इथे मोळाने विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आपला 'हात'. विकणारीचा हात आखूड असला की मोळही आखूड होतो, म्हणून जाणत्या बायका भावाआधी हात बघतात. मी एका म्हातारीसमोर बसले. माझ्या आधीच्या बाईने विचारलं, "इवत्तिन हूवा, निन्नेदा?" आजचं फूल की कालचं? म्हातारीने न बिचकता दोन टोपल्या दाखवल्या. ही आजची, ही कालची, भाव निराळे. बाईने देवासाठी आजचा मोगरा घेतला आणि दाराच्या तोरणासाठी कालचा झेंडू. कुणी कुणाला फसवलं नाही. कालचं फूल विकण्यात पाप नाही, ते आजचं म्हणून विकण्यात आहे.

याच शहरात हेब्बाळला फुलांचं लिलाव केंद्र आहे, तिथे डच पद्धत. आपल्या लिलावात बोली चढत जाते, तिथे भाव वरून सुरू होऊन खाली उतरतो आणि जो आधी कळ दाबेल त्याचा माल. सौदा काही सेकंदांत संपतो. फुलाला तासाचा भरवसा नसतो, म्हणून तर एवढी घाई. घाऊक बाजाराला, टोपलीवालीला, देवघरातल्या आजीला, सगळ्यांना ठाऊक आहे की फुलाची किंमत त्याच्या वयात असते. माझ्या मोबाइलच्या पडद्यावर मात्र रिबिनीला रकाना होता, अस्वलाला रकाना होता, फूल कधी तोडलं याला नव्हता.

तिकडे अमेरिकेत केंटकी डर्बी जिंकणाऱ्या घोड्याच्या पाठीवर चारशेहून अधिक लाल गुलाबांची झूल घालतात. मी हे मामाला सांगितलं, तर म्हणाला, "त्या घोड्याची सात पिढ्यांची माहिती असते त्यांच्याकडे. पाठीवरचे गुलाब कोणाचे, ते कोणी लिहून ठेवत नाही."

मग आला १ जून, मामाचा मास्तरांनी दिलेला वाढदिवस. हिशेबाने त्या दिवशी राज्यभर फुलं महाग व्हायला हवीत, पण सरकारी वाढदिवसाला कुणी हार आणत नाही. या वेळी मी ॲप उघडलं नाही. मामाच्या सोसायटीच्या वॉचमनकडून कोपऱ्यावरच्या फुलवाल्याचा नंबर घेतला आणि आदल्या संध्याकाळी फोन केला.

"दादा, निशिगंध आहे का?"

"आज नका घेऊ ताई, सकाळचाच राहिलाय. उद्या पहाटे मार्केट यार्डातून येतो माझा माल. किती छड्या ठेवू?"

"बारा. आणि गुलाब?"

"गुलाबाचं उद्या बघून सांगतो. चांगला नसला तर नाही देणार."

'नाही देणार' हे शब्द ऐकून मी तिथेच पैसे पाठवले. सकाळी साडेसातला त्याने बांधलेल्या जुडीचा फोटो धाडला, आठला ती मामाच्या दारात होती. वर्तमानपत्रात गुंडाळून, साध्या दोऱ्याने बांधलेली. गुलाब नव्हते, त्यांचे पैसे त्याने घेतलेच नव्हते. छडीवर खालची दोन-तीन फुलं उमललेली, वर सगळ्या कळ्या. मामाने पुन्हा कॉल लावला, देठ दाबून बघितला, आणि घोडा पास करताना मान हलवायचा तशी हलवली. निशिगंध सहा दिवस टिकला. ज्या दिवशी शेवटची कळी उमलली, त्या दिवशी त्याने तिचाही फोटो पाठवला, खाली तारीख घालून.

तेव्हा दूरच्या माणसाला फुलं पाठवायची असतील, तर त्याच्या गल्लीतल्या फुलवाल्याचा नंबर मिळवा आणि एकच प्रश्न विचारा: फूल कधी तोडलंय? जो लगेच उत्तर देईल, त्याच्याकडूनच घ्या.