दुसऱ्या पालखीतला माणूस

गेल्या पावसाळ्यात रायपुरातल्या एका मराठी कार्यक्रमात पावनखिंडीवर व्याख्यान झालं. वक्ते रंगून बोलत होते, सभागृह भरलेलं होतं. शिवा काशीदची गोष्ट आली तेव्हा ते म्हणाले की, एका रात्रीपुरतं का होईना, एका न्हाव्याला राजा होता आलं, याहून मोठं भाग्य कोणतं? टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येताना मात्र त्या टाळ्यांची लाज वाटायला लागली. हा लेख त्या लाजेतून लिहिला आहे, तेव्हा सूर थोडा चढा लागला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

घटना सर्वांना माहीत आहे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. चारेक महिने वेढा ढिला पडेना. जुलैतल्या एका पावसाळी रात्री शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह गडावरून उतरले आणि विशाळगडाकडे निघाले. परंपरा सांगते की त्या रात्री पालख्या दोन होत्या. एकीत महाराज होते. दुसरीत महाराजांच्या वेशात, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूर गावचे शिवा काशीद होते. ती दुसरी पालखी पकडली गेली, सिद्दीच्या गोटात नेली गेली, सोंग उघडं पडलं आणि त्यांना मारण्यात आलं. त्यांनी मिळवून दिलेल्या वेळात पहिली पालखी पुढे गेली. घोडखिंडीत बाजीप्रभूंनी पुढचा वेळ मिळवून दिला.

मघाशी मी ‘शिवा काशीदची गोष्ट’ म्हटलं आणि नंतर ‘शिवा काशीद होते’ म्हटलं. हा बदल मुद्दाम केला. आपल्या बोलण्यात बाजीप्रभू लढले, तानाजीराव पडले, आणि शिवा काशीद मात्र ‘गेला’. इतिहास शिकवताना आपण जात सांगत नाही असं आपल्याला वाटतं, पण क्रियापद सांगून जातं. मराठीत अनुवाद करणाऱ्या माणसाला हे रोज टोचतं, कारण इतर अनेक भाषांतला साधा ‘तो’ मराठीत आणताना प्रत्येक वेळी ठरवावं लागतं: तो की ते? त्या ठरवण्यात आपण कोण आहोत ते दिसतं.

आता भाग्याकडे येऊ. शिवा काशीद यांना नाव मिळालं, समाधी मिळाली, शाळेत धडा मिळाला, आणखी काय हवं, असं विचारणारे भेटतात. माझं उत्तर असं की नाव मिळणं आणि ओळख मिळणं या दोन गोष्टी आहेत. आमच्या शहरात तात्यापारा नावाची वस्ती आहे. रिक्षावाल्याला ‘तात्यापारा’ म्हटलं की तो नेऊन सोडतो. तात्या कोण, हा प्रश्न भाड्यात येत नाही. शिवा काशीद या नावाचं आपण हेच केलं आहे. ते उच्चारलं की आपण महाराजांपर्यंत पोचतो. मध्ये उतरत कोणी नाही.

त्यात नावही ‘शिवा’. म्हणजे जे मिळालं तेही राजाशी वाटून घ्यावं लागलं. चित्र काढायचं तर चेहरा महाराजांचाच काढावा लागतो, कारण त्यांच्याविषयी आपल्याला सांगितलेली मुख्य गोष्ट ती. कथेतलं सिद्दीपुढचं बोलणं पाहा. सांगणारा बदलला की शब्द बदलतात, पण बोलण्याचा विषय बदलत नाही. मरताना हा माणूस महाराजांबद्दलच बोलतो. बायकोबद्दल नाही, नेबापूरबद्दल नाही, भीतीबद्दल तर नाहीच.

याच्या उलट उदाहरण माझ्या घरातच मिळालं. माझा सोळा वर्षांचा भाचा सुटीत आला होता. त्याच्याकडे ‘फायर एम्ब्लेम: शॅडो ड्रॅगन’ हा २००८ सालचा जपानी खेळ होता. राजपुत्र, ड्रॅगन, चौकटींचा नकाशा, बुद्धिबळासारख्या चाली. या मालिकेचा जुना कडक नियम असा की लढाईत पडलेला माणूस सहसा परत येत नाही. खेळाच्या सुरुवातीच्या भागात मार्थ नावाच्या राजपुत्राला शत्रूच्या तावडीतून निसटायचं असतं. त्यासाठी त्याच्या साथीदारांपैकी एकाने त्याचं सोंग घेऊन शत्रूला चकवायचं. कोणी, ते खेळणाऱ्याने ठरवायचं.

“मावशी, किसको भेजूं?” भाच्याने विचारलं. आमच्याकडे घाईची वाक्यं हिंदीत येतात.

मी म्हटलं, “मला काय विचारतोस? तुझी माणसं.”

तो पंधरा मिनिटं बसून राहिला. कोण कसा लढतो, कोणाचा पुढे उपयोग होईल, कोण आवडतो, सगळं मोजत होता. शेवटी त्याने फ्रे नावाच्या स्वाराला निवडलं. बहुतेक खेळाडू त्यालाच पाठवतात, कारण खेळ स्वतःच त्याला पुढे करतो. भाचा पुढे खेळत राहिला, पण जेवताना म्हणाला, “मी त्याला विचारलंच नाही.”

पंधरा मिनिटांची ती अडचण आपल्या धड्यात कुठे आहे? आपल्याकडे दुसरी पालखी आपोआप भरते. चेहरा जुळतो, म्हणून माणूस आत बसतो. निवड नाही, नकाराची शक्यता नाही, म्हणून खरं तर होकारही नाही. गंमत अशी की त्या खेळाच्या पुढच्या भागात, २०१० साली, फ्रे जिवंत परततो. लेखकांना तो विसरता आला नसावा. कल्पित राज्यातल्या एका हरकाम्या स्वाराला दोन वर्षांत आयुष्य परत मिळालं. आमच्या माणसाला साडेतीनशे वर्षांत एक स्वतःचं वाक्य मिळालेलं नाही.

कोणी म्हणेल, हा खेळ झाला, तो इतिहास. साधनं नाहीत तिथे मनचं घालायचं का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. मी कल्पित पत्नी, कल्पित स्वगतं मागत नाही. आहे त्या माहितीकडे नीट बघा, एवढंच मागते. शिवा काशीद न्हावी होते असं परंपराच सांगते. मग आपण ‘महाराजांसारखे दिसत होते’ यावर का थांबतो? दिसणं हा निसर्गाचा योगायोग असतो. पावसात, मशालीच्या उजेडात, शत्रूच्या गोटात, बोलावं लागेल अशा ठिकाणी तो योगायोग किती वेळ टिकेल? दाढीची कोर, कल्ले, मिशीचा झोक, मान कशी धरायची, पालखीत कसं टेकून बसायचं, हे बघून बघून हातात आणि अंगात यावं लागतं. माणसाचा चेहरा न्हाव्याइतका जवळून आणि इतक्या कामाच्या नजरेने दुसरं कोण बघतं? माझं म्हणणं तर्काचं आहे, दस्तऐवजाचं नाही, पण ‘निव्वळ साम्य’ हाही तर्कच आहे, आणि तो अधिक आळशी आहे. त्याने कसब काढून घेतलं जातं आणि उरतो फक्त एक चेहरा, तोही दुसऱ्याचा.

न्हाव्याची दुसरी एक गोष्ट याच भाषेत आहे. संत सेना पूजेत रंगले, राजाच्या हजामतीला जायचं राहिलं, तेव्हा विठ्ठल त्यांचं रूप घेऊन धोपटी उचलून राजवाड्यात गेला. एका कथेत न्हावी राजाचं रूप घेतो, दुसरीत देव न्हाव्याचं. पण सेना महाराजांच्या कथेत देवाला वस्तरा चालवावा लागतो, तेल लावावं लागतं. तिथे काम हीच ओळख आहे. वारकऱ्यांना जे सुचलं ते आपल्याला शिवा काशीद यांच्याबाबत का सुचू नये?

अडचण शब्दापासूनच सुरू होते. अशा माणसाला मराठीत म्हणायचं काय? आपल्याकडे ‘तोतया’ हा खणखणीत शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो उभा राहिला आणि १७७६ साली ज्याला पुण्यात देहान्त शिक्षा झाली, त्याने तो शब्द घरोघरी पोचवला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. पण तोतया गादी घ्यायला येतो. गादी वाचवायला जो जातो, त्याला शब्द नाही. ‘प्रतिरूप’ आरशातलं वाटतं, ‘डमी’ परीक्षेतल्या लबाडीचा वास मारतो, ‘डुप्लिकेट’ सिनेमातून येतो आणि नकली किल्लीपाशी थांबतो. ‘प्रतिशिवाजी’ ऐकायला भारदस्त आहे, पण त्यात माणूस पुन्हा पुसला जातो. जपानी भाषेत ‘कागेमुशा’ आहे, म्हणजे सावलीयोद्धा. त्याच नावाच्या कुरोसावांच्या १९८० च्या चित्रपटात ताकेदा शिंगेनच्या जागी एक भुरटा चोर बसवला जातो. अख्ख्या चित्रपटात त्याला नाव मिळत नाही. पण घोडा त्याला पाडतो, सोंग संपतं, पावसात हाकलून दिलं जातं, आणि तरी तो लढाईच्या मैदानाकडे वळतो, तेव्हा तो कोण आहे हे आपल्याला पक्कं कळलेलं असतं. नाव नाही, पण ओळख आहे. आमच्याकडे नेमकं उलट.

ओळख कशाने मिळते, याचं एक उत्तर आमच्या रायपूरकडे आहे. हबीब तन्वीर इथलेच, जन्म १९२३. त्यांनी नाचातले छत्तीसगढी कलावंत रंगभूमीवर आणले. सुरुवातीला त्यांना हिंदीत बोलायला लावलं, आणि गावच्या रात्री गाजवणारी ही माणसं मंचावर अवघडली. तन्वीरांनी चूक ओळखली, त्यांना त्यांच्या बोलीत बोलू दिलं. त्यातून पुढे १९७५ चा ‘चरणदास चोर’ झाला. त्या कलावंतांना नावं आधीही होती. कमी होता तो आवाज.

म्हणून मी माझ्यापुरता एक शब्द ठरवला आहे: ‘बदली’. गिरणगावातल्या वाचकांना तो समजावून सांगायला नको. कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या साच्यावर उभा राहणारा तो बदली कामगार. रोज सकाळी फाटकाशी यायचं, काम मिळालं तर मिळालं. साचा दुसऱ्याचा, घाम आपला. या शब्दात फसवणूक नाही, चेहऱ्याचं साम्य नाही, दैवी भाग्य तर अजिबात नाही. आहे ते काम, कसब आणि जोखीम. ‘त्या रात्री महाराजांच्या जागी शिवा काशीद बदली म्हणून गेले’, हे वाक्य वाचून बघा. काहींना ते फार साधं वाटेल. मला त्यात पहिल्यांदाच एक माणूस दिसला.

अनुवादक असल्यामुळे मला हे खुपतं, असा टोमणा मित्रांनी मारला. दुसऱ्याच्या जागी बोलणारी, मुखपृष्ठावर नाव नसलेली बाई हे लिहिणारच. टोमण्यात तथ्य आहे, माझा स्वार्थ मी लपवत नाही. पण बरोबरी करत नाही. माझं नाव गाळलं तर मी पत्र लिहिते. कुणी माझं मुंडकं उडवत नाही.

आणि स्वार्थाच्या पलीकडे एक प्रश्न उरतोच, जो व्याख्यात्यांनी विचारला नाही, धड्यात नाही, भाच्याच्या खेळातही नाही. ती दुसरी पालखी उचलली कोणी? पालखी स्वतः चालत नाही. आत बसलेला महाराज नाही, हे खांदा देणाऱ्यांना ठाऊक नव्हतं का? ठाऊक असेल तर तेही जाणूनबुजून सिद्दीच्या गोटाकडे चालले होते. त्यांना वेश नव्हता, चेहऱ्याचं साम्य नव्हतं, आणि म्हणून नावही नाही. म्हणजे आपल्याकडे सामान्य माणसाला नाव मिळवायचं तर आधी राजासारखं दिसावं लागतं. हीच ती व्यवस्था, जिला आपण भाग्य म्हणून टाळ्या दिल्या.

दर पावसाळ्यात पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे हजारो लोक चालत जातात. चालावं, चांगलंच आहे. पण ती वाट पहिल्या पालखीची. दुसऱ्या पालखीची वाट फार लांब नव्हती. तिच्यावरून पदयात्रा निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पुढच्या वर्षी कोणी व्याख्याता आमच्या शहरात आला तर मी त्याला एवढंच सांगणार आहे: शिवा काशीद गेला म्हणू नका, गेले म्हणा. आणि भोयांचा उल्लेख करा. नावं नसली तरी करा.