राजकारणाची पहिली शाळा उघडा

निवडणूक जवळ आली की तरुणांना उपदेश सुरू होतो आणि मतदान आटोपले की त्यांनाच बोल लावला जातो. आकडे चिंता करण्याजोगे आहेत, यात शंका नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी देशभरातील मतदारयादीत १८-१९ वयोगटातील सुमारे १.८ कोटी नावे होती. या वयाच्या तरुणांच्या अंदाजित संख्येच्या मानाने हे प्रमाण चाळीस टक्क्यांहून कमी भरते. म्हणजे मतदानाच्या दिवशी घरी बसण्याचा प्रश्न नंतरचा. दहातल्या सहा जणांचे नावच यादीत नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेसाठी गडचिरोली जिल्ह्यात सत्तर टक्क्यांवर मतदान झाले, तर मुंबईतील कुलाब्याने पंचेचाळीस टक्केही गाठले नाहीत.

पण एवढ्यावरून आजची मुले राजकारणाबद्दल उदासीन आहेत, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि बँक भरतीची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली रस्त्यावर ठाण मांडून बसली आणि लोकसेवा आयोगाला परीक्षा पुढे ढकलावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी राज्यसेवेच्या वर्णनात्मक परीक्षा पद्धतीच्या मुद्द्यावरही त्यांनी सरकारला आपले म्हणणे ऐकायला लावले होते. सत्ता कोणाच्या हाती असते आणि ती कशी हलवायची, हे या पिढीला नेमके ठाऊक आहे. अडचण वेगळीच आहे. सदाशिव पेठेत चार-पाच वर्षे खोली करून राहणाऱ्या मुलाचे नाव लातूर, नांदेड किंवा परभणीकडच्या गावच्या यादीत असते. अभ्यास सोडून, गाडीभाड्याला पैसे काढून तो मतदानाला जाईलच, असे नाही. आणि जिथे तो राहतो, तिथल्या नगरसेवकाला किंवा आमदाराला त्याच्या मताची फिकीर नसते. शिक्षणासाठी बाहेरगावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला राहत्या पत्त्यावर नाव नोंदवता येते. प्रवेशाच्या वेळी शंभर कागद मागणारी महाविद्यालये त्याच खिडकीवर ही माहिती आणि मतदार नोंदणीचा अर्ज का देत नाहीत?

खरा दोष त्याहून जुना आहे. १९८९ मध्ये राज्यघटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादात एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. त्यानंतर महाराष्ट्राने विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका बंद केल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. ज्याला जास्त गुण, तो वर्गाचा प्रतिनिधी. तो हुशार असेल, सज्जनही असेल. पण वसतिगृहाच्या पाण्याबद्दल, मेसच्या जेवणाबद्दल, वाढलेल्या परीक्षा शुल्काबद्दल त्याला कोणी निवडून दिलेले नसते. मुलांकडे जाऊन मत मागणे, विरोधकाचे ऐकून घेणे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसणे, हे काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. एका खुनाची शिक्षा तीन दशके सगळ्या विद्यार्थ्यांना झाली.

हिंसा आणि पैसा यांची भीती खोटी नव्हती. पण त्यावरचा उपाय देशाने शोधला होता. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा, वयाची आणि उपस्थितीची अट, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेल्यांना मज्जाव अशा शिफारशी केल्या आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या लागू केल्या. महाराष्ट्रानेही २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात खुल्या निवडणुकांची तरतूद केली. २०१९ मध्ये त्या होणार, असे जाहीर झाले, मग विधानसभा निवडणुकीचे कारण पुढे आले, मग करोना आला. त्यानंतर राज्यात सरकारे बदलली, आघाड्या बदलल्या. कायद्यातली ही तरतूद कागदावरच राहिली. केरळमध्ये महाविद्यालयांतून विद्यार्थी राजकारण जोमाने चालते. डिसेंबर २०२० मध्ये आर्या राजेंद्रन ही एकवीस वर्षांची विद्यार्थिनी तिरुवनंतपुरमची महापौर झाली. तिचे वडील इलेक्ट्रिशियन. महाराष्ट्रातल्या एखाद्या वायरमनच्या मुलीला तिथवर नेणारी वाट आज आपण दाखवू शकतो का?

दुसरी वाटही आपण बुजवली. फेब्रुवारी २०१७ नंतर मुंबई महापालिकेची पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये तर २०१५ नंतर थेट २०२६ उजाडले. २०१७ च्या निवडणुकीनंतर काही महिन्यांनी अठरा वर्षांचा झालेला मुंबईकर सव्वीस वर्षांचा झाला, तेव्हा त्याला पहिल्यांदा नगरसेवक निवडता आला. प्रभागरचना आणि आरक्षण यांच्या कोर्टकचेऱ्यांत त्याची उमेदीची वर्षे गेली, आणि त्याची माफी कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

ही वर्षे किती मोलाची असतात, हे महाराष्ट्राच्या नेत्यांनी स्वतःच्या आयुष्यात अनुभवले आहे. विलासराव देशमुखांची सुरुवात बाभळगावच्या सरपंचपदापासून झाली. देवेंद्र फडणवीस बावीसाव्या वर्षी नागपूरचे नगरसेवक झाले. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेतून पुढे आले. त्यांचे चिरंजीव रोहित पाटील २०२४ मध्ये पंचविशीत आमदार झाले याचा आनंदच आहे; पण ज्याच्या घरात आधी कोणी आमदार नव्हता, अशा मुलाला आर. आर. यांच्यासारखी जिल्हा परिषदेची वाट आज मोकळी आहे का, हा प्रश्न सर्वच पक्षांना विचारावा लागेल. सभेच्या खुर्च्या मांडायला, मोटारसायकल फेरीत घोषणा द्यायला, फलकावर नेत्याच्या पायाशी फोटोंची रांग लावायला तरुण हवे असतात. उमेदवारीची वेळ आली की घराणे आणि खर्चाची ताकद पाहिली जाते. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि एकवीस वर्षे पूर्ण झालेली कोणतीही मुलगी त्या लढवू शकते. तरी अनेक प्रभागांत तिकीट शोधत येते ते कुणाच्या तरी पत्नीला किंवा आईला. गावाकडची स्थितीही फार वेगळी नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे दिसून आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. जिथे पदाची बोली लागते, तिथे फाटक्या खिशाच्या पदवीधराने उभे राहायचे कसे?

म्हणून आमची पहिली मागणी सरकारकडे आहे. येत्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक जाहीर करताना त्यातच विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकीची तारीख द्यावी आणि लिंगडोह समितीचे नियम कडकपणे पाळून ती पार पाडावी. स्थानिक संस्थांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, हा घटनेचा दंडक यापुढे कोणत्याही सबबीखाली मोडू नये. राजकीय पक्षांनी आपापल्या युवक संघटनांतील किती जणांना नगरपालिका आणि पंचायत समितीची उमेदवारी दिली, हे लोकांसमोर मांडावे.

आणि तरुण मित्रांनो, सरकार जागे होण्याची वाट पाहत बसू नका. मतदार नोंदणीसाठी आता वर्षात एकच तारीख नाही; १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा वर्षे पूर्ण झाली असतील तर अर्ज आधीच भरून ठेवता येतो. गावी गेलात की ग्रामसभेला जा, ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचायला मागा, तो पटला नाही तर उठून प्रश्न विचारा. एकवीस पूर्ण झाली असतील तर पुढच्या निवडणुकीत स्वतः अर्ज भरण्याचा विचार करा. त्याआधी एक काम आजच उरका. मतदारयादीत आपले नाव शोधा, नसेल तर नमुना ६ भरा, आणि आपल्या खोलीवरच्या, वर्गातल्या मित्र-मैत्रिणींकडूनही तो भरून घ्या.