विस्मृतीचा माग

‘म्हातारपणी विसर पडायचाच’ हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, त्यामागे एखादी व्याधी दडलेली असेल, ही शंकाही कुणास शिवत नाही. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या विकाराचे वर्णन केले, त्याची खात्री कित्येक दशके मृत्यूनंतर मेंदू तपासूनच पटत असे. रुग्णाच्या दृष्टीने असे निदान झाले काय अन् न झाले काय!

या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे चॅड मिरकिन यांचे संशोधन समजून घेण्याजोगे आहे. अल्झायमरशी निगडित मानले जाणारे अमायलॉइड प्रथिनाचे विषारी पुंजके मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात इतके अत्यल्प असतात की, नेहमीच्या चाचण्यांच्या ते हाती लागत नाहीत. मिरकिन यांनी थेट प्रथिन मोजण्याचा हट्टच सोडला. प्रतिपिंड लावलेला चुंबकीय कण प्रथिनास एका बाजूने धरतो, दुसऱ्या बाजूने सोन्याचा अतिसूक्ष्म कण चिकटतो. या सुवर्णकणावर डीएनएचे शेकडो धागे असतात. चुंबकाने सारे बाजूस ओढायचे, धागे सोडवायचे आणि तेच मोजायचे. दबक्या पावलांच्या चोराच्या अंगावर शेकडो घुंगरे बांधावीत, तसाच हा प्रकार! २००३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. २००५ मध्ये विल्यम क्लाइन यांच्या साथीने मिरकिन यांनी दाखवून दिले की, रुग्णांच्या द्रवात हे पुंजके निरोगी समवयस्कांपेक्षा अधिक असतात.

अर्थात, नमुने मोजके होते आणि द्रव काढण्यासाठी पाठीच्या कण्यात सुई टोचावी लागे. पुढे मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या रोगाच्या निदानास साहाय्यभूत अशा पहिल्या रक्तचाचणीस अनुमती दिली, ती निराळ्या तंत्राची होती. म्हणून मिरकिन यांचे श्रम व्यर्थ ठरत नाहीत. इतका क्षीण माग काढता येतो, हे त्यांनी सिद्ध केले.

प्रश्न आपला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठी गाठलेल्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. धडधाकट माणसांना भीती घालून महागड्या चाचण्या विकण्याचा धंदा येथे फोफावण्यास वेळ लागणार नाही. त्यास वेळीच आवर घालावा लागेल. परंतु ज्यांच्यात लक्षणे दिसू लागली आहेत, त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणीची सोय हवी, तीही वेळेवर. वडिलांना स्वतःच्या हाताने सही करता येते, आपला सांभाळ कोणी व कसा करावा हे सांगता येते, तोवर झालेल्या निदानाचे मोल निराळे असते.